आधी वरची रेघ

नेरूळला नुकती वस्ती होऊ लागली होती, तेव्हाची गोष्ट. सेक्टर कागदावर आखलेले होते, पण जमिनीवर अजून मोकळे प्लॉट, कमरेएवढं गवत आणि मधेच उभी राहिलेली एखादी चार मजली इमारत. संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की चिखलाचा आणि मिठाचा वास थेट घरात यायचा. इमारतीखाली गाळे निघाले की सहा महिन्यांच्या आत तिथे किराणा, एसटीडी बूथ, पिठाची गिरणी, टेलर येऊन बसायचे, आणि प्रत्येकाला दारावर पाटी लागायची.

त्या पाट्या रंगवायचा बाबासो निकम. मूळचा कराडकडचा. मेव्हणा सयाजी वाशीच्या मार्केटात माथाडी होता. त्याच्या आधारानं बाबासो नव्वद साली बायकोला, वेणूबाईला, घेऊन इकडे आला. सिडकोच्या बैठ्या घरांतलं एक घर भाड्यानं मिळालं आणि रस्त्याच्या कडेला पत्र्याची टपरी उभी राहिली. टपरीत टर्पेंटाइनचा वास, ऑईलपेंटचे डबे, खिळ्याला टांगलेले ब्रश आणि भिंतीला टेकवून ठेवलेले कोरे पत्रे. कोरे पत्रे नेहमीच जरा जास्त असायचे.

हात त्याचा देखणा होता. त्यानं काढलेल्या अक्षराकडे चालता माणूस वळून बघायचा. पण पाटी वेळेवर मिळेल तर शपथ. गिऱ्हाईक आलं की बाबासो मान खाली घालून म्हणायचा, उद्या न्या. उद्याची परवा व्हायची, परवाचा पंधरवडा. एका औषधवाल्यानं दोन महिने खोक्याच्या पुठ्ठ्यावर स्केचपेननं नाव लिहून दुकान चालवलं. सेक्टरात त्याला ‘उद्या पेंटर’ म्हणू लागले. त्याच्या कानावर ते आलं होतं. तो हसून सोडून द्यायचा, पण त्या दिवशी त्याला जेवण जायचं नाही.

आळशी म्हणावं तर माणूस सकाळी सातला टपरीत हजर. पत्रा घासायचा, प्राइमर लावायचा, वाळला की परत पॉलिश पेपरनं घासायचा. धुतलेले ब्रश पुन्हा धुवायचा. शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या गाडीचं चाक निखळलं तर स्वतःहून जाऊन बसवून द्यायचा. सगळं करायचा, फक्त पत्र्यासमोर उभं राहून पहिलं अक्षर काढायचं टाळायचा. पांढराशुभ्र पत्रा समोर आला की तो ब्रश परत खिळ्याला टांगायचा. मनातल्या मनात ती पाटी पूर्ण झालेली असायची, एकेक अक्षर मोत्यासारखं. ब्रश टेकला की त्यातलं काहीतरी बिघडणार, एवढंच त्याला दिसायचं. मग चहा प्यायला उठायचं. चहा पिऊन येईतो ऊन चढलेलं, उन्हात रंग लगेच सुकतो, ब्रशनं नीट ओढला जात नाही, म्हणून संध्याकाळी करू. संध्याकाळी उजेड कमी. आणि घरी जाताना ज्या गिऱ्हाइकाची पाटी राहिली त्याचं दुकान चुकवून मागच्या रस्त्यानं जायचं. वेणूबाईला वाटायचं, ह्यांचं कामात मन नाही. बाबासोलाही तसंच वाटायचं. रोज निजताना तो स्वतःला चार शिव्या घालायचा, आणि सकाळी पत्र्याची भीती आणखी थोडी वाढलेली असायची.

या भीतीचं मूळ कराडात होतं, पण ते त्यानं कुणाला सांगितलेलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी तो एका पेंटरकडे शिकत होता. उस्तादांनी पहिल्यांदाच एक अख्खी पाटी त्याच्यावर सोपवली. एका खानावळीची होती. त्यानं जीव ओतून रंगवली. फक्त ‘ख’चे दोन भाग खाली जोडायचे राहिले आणि पाटी वर चढली. बाजारातल्या लोकांनी ती वाचली, ‘रवानावळ’. आठवडाभर येणारा जाणारा मालकाला विचारत होता, रवा कसा किलो. मालकानं पाटी उतरवून उस्तादांच्या दारात आणून टाकली. उस्ताद नुसते बघत राहिले. ती नजर बाबासोच्या मनातून गेली नाही.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर चांगदेव गुरुजी सायकलवरून टपरीत आले. ते जवळच्याच करावे गावचे. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत पहिलीचा वर्ग शिकवून निवृत्त झालेले. गावानं देवळाशेजारची एक खोली दिली होती, गुरुजींनी घरोघर फिरून चारेकशे पुस्तकं जमवली होती, आणि गुढीपाडव्याला वाचनालय उघडायचं ठरलं होतं. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून दिली. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘खाडीकाठ सार्वजनिक वाचनालय, करावे’.

पहिलंच अक्षर ख. बाबासोनं चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

गुरुजी म्हणाले, घाई नाही, सवडीनं करा. बाबासोच्या बाबतीत याहून वाईट सूचना दुसरी नव्हती.

पत्रा तयार झाला, चौकटीत बसला, पांढरा रंग लागून वाळला आणि कोपऱ्यात उभा राहिला. गुरुजी दर आठवड्याला यायचे, स्टुलावर बसायचे, गावात पीक कसं होतं, कोळंबी कुठे मिळायची, कुठल्या बिल्डिंगच्या जागी कुणाचं शेत होतं असल्या गप्पा मारायचे. पाटीचं नाव काढायचे नाहीत. कोऱ्या पत्र्याकडे एकदा बघायचे आणि सायकल काढून निघायचे. त्यांनी एकदा तरी रागवावं असं बाबासोला फार वाटायचं.

पाडवा आला आणि गेला. वाचनालय पाटीशिवाय उघडलं. बाबासोला बोलावणं होतं, पण तो गेला नाही. दिवसभर घरात पडून राहिला आणि वेणूबाईला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. त्यानंतर गुरुजींचं येणं थांबलं. पहिले काही दिवस त्याला सुटल्यासारखं वाटलं. मग त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच लाज वाटू लागली.

मे महिन्यात एका सकाळी गुरुजींची मुलगी गोजरा टपरीसमोर थांबली. ती नेरूळच्या बाजारात मासळी विकायची. टोपली खाली ठेवून तिनं पदरानं तोंड पुसलं.

“पेंटर, आबांचे डोले चाललेत,” ती म्हणाली. “काचबिंदू हाय. डाक्टर बोलला, गेलेली नजर परत येनार नाय, हाय तेवढी राखायची. सायकल बंद केली आमी.” मग कोपऱ्यातल्या पत्र्याकडे बघून म्हणाली, “तुमच्याबद्दल ते कायपन बोलत नाय. पन तो बोर्ड त्यांना बघायचा हाय. मी वलखते त्यांना.”

आवाज तिनं चढवला नव्हता. टोपली उचलून ती निघून गेली. 

दुसऱ्या दिवशी तो चालत करावे गावात गेला. गुरुजी ओट्यावर बसले होते. समोर कुणी आलं की ते आता मान वळवून वळवून बघायचे, अरुंद नळीतून बघितल्यासारखं. बाबासोनं पाया पडून माफी मागितली, आणि बोलता बोलता जे कुणाला सांगितलं नव्हतं तेही सांगून टाकलं. उस्ताद, खानावळ, रवा, सगळं. शेवटी म्हणाला, मी आळशी आहे गुरुजी, मला हे काम सोडून द्यावंसं वाटतं.

गुरुजी ऐकून घेत होते. रव्याच्या गोष्टीला त्यांना हसू आलं, ते त्यांनी लपवलं नाही.

“आळशी माणूस असा चालत येत नाही,” ते म्हणाले. “आळशाला झोप लागते. तुम्हाला लागते का?”

बाबासोनं नकारार्थी मान हलवली.

मग गुरुजींनी त्यांच्या वर्गातल्या एका मुलीची गोष्ट सांगितली. ती रोज कोरी पाटी घेऊन यायची. लिहायला सांगितलं की तिचं पोट दुखायचं. आधीच्या शाळेतल्या मास्तरांनी तिला मारून बघितलं होतं. गुरुजींच्या लक्षात आलं की ती मठ्ठ नाही, वर्गात सगळ्यात जास्त तिलाच कळतं की आपलं अक्षर वाकडं येतंय, म्हणून ती काढतच नाही. “मग मी तिला अक्षर काढायला सांगायचं सोडलं. म्हटलं, तू नुसती वरची रेघ मार. रोज एक. शाळेत शिकवतात अक्षर आधी आणि रेघ नंतर. मी उलटं केलं. रेघ कशी चुकणार? तिच्यात शुद्ध अशुद्ध काही नाही. आठ दिवस पोरीनं नुसत्या रेघा मारल्या. नवव्या दिवशी मी न सांगता तिनं रेघेखाली ‘न’ लटकवला.”



“उद्या पाटी करू नका,” गुरुजी म्हणाले. “उद्या वरची रेघ तेवढी मारा आणि उठा. दुसरं काही करायचं नाही. मन म्हणेल आता करूच, तरी उठा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबासोनं दोरी निळ्या भुकटीत बुडवली, पत्र्यावर आडवी ताणली आणि मधे चिमटीत धरून सोडली. सरळ निळी खूण उमटली. तिच्यावरून त्यानं ब्रश ओढला. इतकं सोपं काम होतं की त्याला स्वतःचीच गंमत वाटली. सांगितल्याप्रमाणे तो उठला आणि चहाला गेला. पण आज चहा पिताना मागे ओढ होती. पत्रा आता कोरा नव्हता. तिथे एक रेघ अक्षरांची वाट बघत होती, आणि ती तशीच ठेवणं हेच त्याला अवघड जाऊ लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं शेवटून सुरुवात केली. ‘करावे’मधला ‘क’ काढला, मग ‘रा’, मग ‘वे’. ‘ख’पासून सुरुवात करायचा कायदा थोडाच होता. तिसऱ्या दिवशी ‘वाचनालय’ झालं. मधे एक दिवस ब्रश पुन्हा खिळ्याला टांगावासा वाटला, तेव्हा त्यानं नुसता एक काना काढला आणि उठला. सातव्या दिवशी फक्त ख उरला. तो काढताना त्यानं श्वास धरला होता. दोन भाग खाली नीट जुळले, पण अक्षर किंचित डावीकडे झुकलं. हात टर्पेंटाइनच्या चिंधीकडे गेला. पुसायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा पुसायचं, या वाटेनं गेलेले कितीतरी दिवस त्याला आठवले. डबा घेऊन आलेल्या वेणूबाईला त्यानं विचारलं, कसा दिसतोय.

“ख तर ख दिसतोय की,” ती म्हणाली, आणि डबा उघडायला बसली.

त्यानं चिंधी टाकून दिली.

पाटी रिक्षात आडवी धरून तो करावे गावात घेऊन गेला. गोजरानं शिडी धरली, त्यानं दारावर खिळे ठोकले. गुरुजींना आणून चार हात अंतरावर उभं केलं. त्यांनी मान वर केली, डावीकडून सुरुवात केली आणि हळूहळू उजवीकडे सरकवत नेली. त्यांच्या नजरेत एका वेळी एकच अक्षर मावत होतं. खा. डी. का. ठ. रस्त्यावरचे दोघे तिघे थांबून बघू लागले. शेवटच्या ‘वे’पर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला.

“ख जरा झुकलाय,” गुरुजी म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, “असू दे. वाचता येतो.”

बाबासो हसला, पण आतून त्याला टोचत होतं. पाडव्यालाच पाटी झाली असती तर गुरुजींनी ती सायकलवरून येताना लांबूनच एका नजरेत वाचली असती. ही गोष्ट त्यानं पुढे कधी स्वतःला माफ केली नाही, आणि गुरुजींनी ती कधी काढलीही नाही.

तिथून पुढे पत्रा टपरीत आला की गिऱ्हाईक समोर असतानाच तो रेघ मारून टाकायचा. लोकांना वाटायचं, काम लगेच हातात घेतलं. काही पाट्या तरीही उशिरा झाल्या, स्वभाव एकदम जात नाही. पण मागच्या रस्त्यानं घरी जाणं बंद झालं.

गुरुजींची नजर पुढच्या दोन वर्षांत पुरती गेली. बाबासो दर रविवारी सकाळी करावे गावात जाऊ लागला. शाळा सुटल्यापासून त्यानं पाट्यांखेरीज फारसं काही वाचलं नव्हतं, पण गुरुजींना तो आधी पेपर आणि मग कपाटातलं एखादं पुस्तक वाचून दाखवायचा. जोडाक्षरात अडखळला की गुरुजी खुर्चीतून दुरुस्त करायचे. खाडीचा वारा आला की पानं उलटायची, मग बोटानं दाबून धरावी लागायची. गोजरा आत बोंबील तळत असायची. जेवल्याशिवाय ती जाऊ द्यायची नाही. दुपारी घरी परतताना बाबासोच्या सदऱ्याला टर्पेंटाइनऐवजी मासळीचा वास यायचा, आणि वेणूबाई दारातच ओळखायची की आज वाचन लांबलं.