भावी सभापतींच्या रबरावरचा पक्का रंग

"चल, चारठाण्याची देवळं दाखवतो," असं चुलतभाऊ बापूराव म्हणाला तेव्हाच मला संशय यायला हवा होता. देवाशी त्याचं कधीच काही काम नसतं. काम होतं मताशी. पंचायत समितीचं सभापतिपद एका मतावर अडलं होतं आणि ते मत चारठाण्याच्या सदस्य शांताबाईंचं होतं.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. आज बंद, उद्या मोर्चा, एसटीचा भरवसा नाही. म्हणून बापूची जीप. तिच्या मागच्या चाकांमागे चिखल अडवणारी रुंद रबरी पट्टी लोंबत होती. तिच्यावर टायरवाल्याकडून कोरून घेतलं होतं, 'भावी सभापती'. काळ्यावर काळं. रंग वाटेत भरायचा होता.

सकाळी वालूर. बड्या शेतकऱ्यांच्या बैठकीत बापू मांडीवर थाप मारून म्हणाला, "विद्यापीठाचं नाव बदलू द्यायचो न्हाई!" लोक खूश. चहा दोनदा आला.

तिथून सेलूमार्गे देवगाव फाटा. या वाटेनं जाणाऱ्यांनी फाट्यावर भजी जरूर खावीत. चहा स्वतःच्या जबाबदारीवर प्यावा. तिथल्या नंबरप्लेटवाल्या पेंटरनं रबर पेट्रोलनं पुसलं, पंक्चरच्या सोल्युशनमध्ये पिवळी पूड घोटली आणि कोरलेल्या अक्षरांत भरली. ऑइलपेंट रबरावर ताठून बसतो, रबर वाकलं की तडकतो. हा सोल्युशनचा रंग रबरासोबत वाकतो म्हणे.

"मालक, रबर झिजंल, रंग जायचा न्हाई!" एवढी खात्री मी फक्त उमेदवारांत पाहिली होती.

"पर 'सभा' चंदेरी पायजे," बापू म्हणाला. "लांबून चमकली पायजे."

पण चंदेरी रंग होता तो फक्त ऑइलपेंटमध्ये.

"तो टिकेल का?" मी विचारलं.

"त्याला काय हुतंय!" दोघं एकदमच म्हणाले.

रंग वाळेपर्यंत दुपार कलली. पुढचा रस्ता म्हणजे खड्ड्यांना जोडणारं थोडंसं डांबर. पट्टी सारखी आपटत होती, गोटे उडत होते.

शांताबाईंच्या घरी बापूनं बाबासाहेबांच्या फोटोला इतका वेळ हात जोडले की मला दरवाजाला टेकावं लागलं. मग म्हणाला, "नामांतर झालंच पायजे, ताई!"

"वालूरला सकाळी काय म्हनले वो?" बाईंनी शांतपणे विचारलं. "आमची मानसं दुपारच्या गाडीनं आली. तुमच्या आदी तुमचं भाषन पोचलंय."

"बैठकीत बोलावं लागतंय, ताई."

"मंग उद्या त्याच बैठकीत हे बोला. त्यास्नी ऐकू जाऊ द्या. मत तुमचं."

भर सभेत एका शब्दाला दहा शब्द फेकणारा बापू एवढंच म्हणाला, "बघू."

"बगा," म्हणत बाई निरोपाला बाहेर आल्या. जीपमागे थबकल्या. चंदेरी रंगाचे टवके वाटेत गळून गेले होते. पिवळं तेवढं ठणठणीत होतं. बाईंनी मोठ्यानं वाचलं, "भावी... पती."

ओट्यावरच्या बाया पदरात हसल्या.

"सभा तर गेली की वो, बापूराव."

देवळं पाहायची राहिलीच. वालूरच्या बैठकीत बापू पुन्हा गेलाच नाही, सभापती दुसराच झाला. त्या दिवशी आम्ही परतलो तेव्हा बापूची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दारात उभ्या होत्या. त्यांनी पट्टी वाचली, बापूकडे पाहिलं.

"भावी? मंग आत्ताचा कोन म्हनायचा?"

बापूनं घासलेटनं घासलं, चाकूनं खरवडलं. पिवळं हललं नाही. पुढं त्यानं स्वतःला दोन-तीन पक्षांचे रंग लावून घेतले. ते सगळे उडाले. जीप भंगारात गेली तेव्हा पट्टी चिरून लोंबत होती, आणि तिच्यावर तो अजूनही भावी पती होता.