कोरं नाव

आमची पहिली मुलगी नऊ दिवस जगली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी माझ्या गाढवपणाचे बरेच किस्से सांगणार आहे आणि हसता हसता कुणाला ठेच लागलेली मला आवडत नाही. दुसरी मुलगी आता चौदा वर्षांची आहे, नववीत. तिला पहिलीबद्दल काहीच माहीत नव्हतं. सांगायला हवं, असं बायको दर वर्षी म्हणायची. मी म्हणायचो, सांगू, इन्शाल्ला. या देशात इतकी वर्षं काढल्यावर हा शब्द नेमका कधी वापरायचा ते मला पक्कं कळलंय. आधी पाचवीचं वर्ष जाऊ दे म्हटलं, मग आठवीचं. शेवटी म्हटलं, दहावीची परीक्षा झाली की सांगूच.

तेवढ्यात साहेबांचं काम गळ्यात पडलं.

मी दुबई मरीनात एका कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. इमारती इंजिनियर बांधतात. त्यांच्या ड्रॉइंगची कुठली प्रत चालू आणि कुठली बाद, हे मी सांगतो. नवीन प्रत आली की जुनीवर लाल शिक्का मारायचा, ‘सुपरसीडेड’, आणि ती फाइलमधून काढून टाकायची. जुनी चुकून साइटवर राहिली तर भिंत भलत्या जागी उभी राहते. आणखी एक नियम आहे. ड्रॉइंग मंजुरीला पाठवलं आणि ठरलेल्या दिवसांत समोरून काही शेरा आला नाही, तर ते मंजूर झालं असं धरायचं. वीस वर्षं हेच केल्यामुळे माझा मेंदूही त्याच फायलीत लावल्यासारखा झालाय, असं बायको म्हणते. तिचा हा शेरा मी वेळेत नोंदवून घेतलेला आहे.

आमचे प्रोजेक्ट डायरेक्टर अमेरिकन. रिटायर होऊन परत निघालेले. त्यांच्या घराण्याचा मूळ पुरुष साडेतीनशेएक वर्षांपूर्वी जहाजातून अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरला होता. त्याचा वंशवृक्ष करून सगळ्या गोतावळ्यासमोर टांगायचा, ही साहेबांची हौस. गावच्या जन्ममृत्यूच्या वह्या, चर्चच्या नोंदी, मृत्युपत्रं, सगळ्याचे स्कॅन त्यांनी जमवले होते. पण ते अक्षर त्यांना लागेना.

“साइट इंजिनियर लोकांचं अक्षर तुला लागतं,” ते म्हणाले, “म्हणजे हेही लागेल.”

माझं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचं होतं. मी म्हणालो, “सर, इतिहास म्हणजे माझा जीव की प्राण.” इतिहासात मी काठावर पास झालेला माणूस आहे.

मग दर शनिवारी सकाळी अजमानच्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर अमेरिका वसू लागली. पहिल्या दोन शनिवारांतच मी तो मूळ पुरुष एकशे चाळीस वर्षं जगवला. त्याने लग्नं तीन केली, जमीन चार वेळा विकत घेतली आणि एकशे बाराव्या वर्षी त्याला जुळं झालं. मला यात काही खटकलं नाही. म्हटलं, हवा चांगली असेल. साहेबांनी तक्ता पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, “एकतर आमचं घराणं अचाट आहे, नाहीतर तू.”

झालं असं होतं की बापाचं, मुलाचं आणि नातवाचं नाव एकच होतं. आपल्याकडे बापाचं नाव मुलाच्या नावापुढे लागतं आणि तिथेच गप्प बसतं. तेच नाव उचलून पोराला ठेवायचं, हे माझ्या डोक्यात शिरेचना. वहीत बायकांना तर बहुतेक ठिकाणी नावच नव्हतं. ‘त्याची पत्नी’ मेली, ‘त्याची पत्नी’ बाळंत झाली.

यानंतर मी शहाणा झालो, आणि मी शहाणा झालो की घात होतो.

मुलगी मदतीला बसली होती. तक्ता कॉम्प्युटरवर तीच काढत होती, कारण मी काढला की फांद्या पानाबाहेर जायच्या. बायको शेजारी मटार सोलत होती. मूळ पुरुषाच्या नातवाच्या घरी पोहोचलो तर एकाच नावाची मुलगी दोनदा नोंदलेली, मध्ये दोन वर्षांचं अंतर. मी जुनी नोंद खोडली.

“बाबा, व्हाय डिड यू डिलीट हर?”

“डुप्लिकेट आहे. नवीन नोंद आली ना, जुनी बाद.”

“नो, लुक.” तिने स्कॅन मोठा केला. “ही तीन आठवड्यांची असताना गेली. देन देअर वॉज अनदर बेबी. सेम नेम.” तिने दोन्ही तारखांवर बोट फिरवलं. “म्हणजे मेलेल्या बाळाचं नाव त्यांनी पुढच्या बाळाला दिलं? ईऽऽ! दॅट्स सो क्रीपी. इमॅजिन बीइंग द सेकंड वन.”

मटार सोलण्याचा आवाज थांबला.

इथे शहाणा माणूस चहा टाकायला उठला असता. मी समजूत घालायला गेलो. “अगं, त्या काळची रीत असेल. चांगलं नाव वाया कशाला घालवायचं? कोरंच तर होतं.”

हा शब्द मी आधी एकदा वापरला होता. ती गोष्ट आता सांगायलाच हवी.

पहिली वेळेच्या फार आधी आली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. बायको खुर्ची ओढून त्या पेटीशी बसली ती बसलीच. मी कागदांमागे धावत होतो. इन्शुरन्सची मंजुरी, जन्माचा दाखला, कॉन्सुलेटचे फॉर्म. नाव आम्ही आधीच ठरवलं होतं, ते मी पासपोर्टच्या फॉर्मवर ठळक अक्षरांत भरूनही ठेवलं होतं. पासपोर्टचा फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर लागतो, म्हणून मी नर्सशी हुज्जत घातली की दोन मिनिटं नळ्या बाजूला करा. ती मल्याळी नर्स माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “सर, आप बाहर बैठो.” मी बाहेर बसून तिची तक्रार लिहिली. ती द्यायची राहून गेली. बारसं बाराव्या दिवशी करायचं होतं. तो दिवस आला नाही.

दोन वर्षांनी दुसरी झाली, चांगली सव्वातीन किलोची. नाव काय ठेवायचं म्हणून दवाखान्यातच विषय निघाला. मी म्हणालो, “नाव तयार आहे की. बारसं कुठे झालं होतं? कोरंच आहे ते.” पुण्याहून आई फोनवर म्हणाली, “अरे, दुसरं बघ ना काहीतरी.” मी तिला अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं. बायको काहीच बोलली नाही. ठरलेल्या दिवसांत शेरा आला नाही, मी मंजूर धरलं. फॉर्मसुद्धा तोच वापरला असता, पण जन्मतारीख बदलावी लागणार होती.

तर त्या शनिवारी टेबलापाशी बायको म्हणाली, “कोरं नव्हतं ते.”

“नव्हतं कसं?” मी म्हणालो. मी अजून अमेरिकेतच होतो. “तीन आठवड्यांचं बाळ, चर्चमध्ये नाव कधी...”

“मी तिला नऊ दिवस त्याच नावाने हाक मारत होते. पेटीच्या भोकातून हात घालून. तू फोटो काढायला आलास ना, तेव्हा पण.” ती माझ्याकडे बघत नव्हती, हातातल्या शेंगेकडे बघत होती. “तू म्हणालास कोरं आहे. मी म्हटलं, याला काय सांगायचं.”

मुलीने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती हुशार आहे, पुढचं तिला सांगावं लागलं नाही. आमच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी दोन नोंदी बरोबर जुळवल्या.

“हू?” ती म्हणाली. मग मराठीत म्हणाली, “कोण होती?”

बायकोने सांगितलं. मी मधे दोनदा तारखा सुधारल्या, आणि दोन्ही वेळा मीच चुकलो. सगळं ऐकून झाल्यावर मुलीने विचारलं, “व्हेअर इज शी?”

तान्ह्या बाळांना आपल्यात पुरतात. हिंदूंच्या स्मशानभूमीत एका कडेला त्यांच्यासाठी जागा आहे, तिथे मी आणि ऑफिसातला एक मित्र गेलो होतो. पावती मिळाली होती, तिच्यावर जागेचा नंबर होता. ती मी जपून ठेवली होती. इतकी जपून की त्यानंतर तीन घरं बदलली आणि ती कुठे आहे ते मला सांगता येत नाही. पंचेचाळीस मजली टॉवरच्या कुठल्याही संडासाचं ड्रॉइंग मी दोन मिनिटांत काढून देतो.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं गेलो. आदल्या आठवड्यात मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलली होती, आणि तेही आईमार्फत. गेटजवळच्या खोलीत एक वयस्क नेपाळी रखवालदार होता. त्याने विचारलं कुठलं वर्ष, आणि जुनी वही काढून दिली. मी नाकावर चष्मा चढवून बसलो. हे तर माझं काम. माझं नाव शोधलं. नाही. आडनाव शोधलं. नाही. आधीचा महिना, नंतरचा महिना, पुढचं वर्ष. स्पेलिंग चुकलं असेल म्हणून सगळे चुकीचे प्रकार करून बघितले. शेवटी मी रखवालदारावरच घसरलो, की तुमचं रेकॉर्ड नीट नाही.

“साब,” तो शांतपणे म्हणाला, “बच्चे की माँ का नाम देखा?”

मी पाहिलं नव्हतं. बाळाच्या नावापुढे बापाचं नाव असणार, हे मी गृहीत धरलं होतं. इथे दवाखान्यातून बाळ येतं ते आईच्या नावावर. बायकोने वही माझ्यापुढून ओढून घेतली आणि बोट खाली नेत नेत अर्ध्या मिनिटात थांबली. ‘बेबी ऑफ’, आणि पुढे तिचं नाव. माझं कुठेच नव्हतं. पुढे वय: नऊ दिवस. बाळाच्या नावाचा रकाना रिकामा.

“नाम डालना है तो डालो,” रखवालदार म्हणाला. “लोग आते हैं कभी-कभी, डालते हैं.”

त्याने पेन पुढे केलं. मी घेतलं. गोऱ्या साहेबाच्या घराण्यातली दोनशे नावं मी याच हाताने उतरवली होती. बायको मुलीकडे बघत राहिली. विचारत होती की नुसतीच बघत होती, कोण जाणे. पण चौदा वर्षांपूर्वी तिला जे कुणी विचारलं नव्हतं, ते ती विचारत असावी.

“पुट इट,” मुलगी म्हणाली. “इट वॉज हर्स.”

बायकोने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि स्वतः लिहिलं, मराठीत. रखवालदाराने फुंकर मारून शाई वाळवली.

जागा मात्र सापडली नाही. मधल्या काळात त्या कडेची माती सपाट केली होती. छोटे दगड होते, त्यांवरचे आकडे उडाले होते. रखवालदार हात फिरवून म्हणाला, “यहीं कहीं है, इधर से उधर तक.” इधर ते उधर पंधरा-वीस पावलं असतील. बायको ती पूर्ण चालली, अगदी हळू. मुलगी चार पावलं मागे. मी गाडीचा एसी लावायला गेलो.

साहेबांच्या तक्त्यात मी दोन्ही मुली ठेवल्या. साहेब खूश झाले, कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. तो तक्ता आता अमेरिकेत कुठल्यातरी भिंतीवर असेल.

त्या दिवशी परतताना अजमानच्या अलीकडे नेहमीसारखं ट्रॅफिक तुंबलं. उजव्या हाताला मुलीचं आवडतं शावर्माचं दुकान होतं. मी आरशात बघून हाक मारली, “घ्यायचा का गं?” आणि पुढे तिचं नाव. तिने खिडकीतून नजर हलवली नाही. ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा मारली, जरा मोठ्याने.

मागून बायको ‘ओ’ म्हणाली, पहिलीच्या वतीने. मी दुकान मागे जाऊ दिलं.