फ्तानी नावाचा पदार्थ

आम्ही सांगली सोडली त्या सकाळी गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला तरी सुधीर पानावरून उठला नव्हता. सासूबाई सांज्याच्या पोळ्या वाढत होत्या. त्याने ताटावर उजवा हात आडवा धरला आणि म्हणाला, "पुरे, आई." त्यांनी त्याच्या बोटांखालून पोळी सरकवली. "पुरे काय पुरे? जहाजावर कोण वाढणार आहे तुला?" तो पुन्हा पुरे म्हणाला, पुन्हा पोळी आली. मी दारात बॅगा मोजत उभी होते आणि पाच वर्षांची ईरा माझी ओढणी धरून उभी होती. विमान चुकेल, एवढाच विचार तेव्हा माझ्या डोक्यात होता. कोणी रडलं असेल तर ते माझ्या लक्षात नाही.

ही एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तुम्हा सांगलीकरांचा फोन येतो, सुधीर कसा आहे विचारता, आणि मी "ठीक आहे" म्हणते. इथले आपले लोक गणपतीत भेटतात, तेही हेच विचारतात आणि त्यांनाही मी हेच सांगते. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं, म्हणून लिहिते आहे.

सुधीर मरीन इंजिनिअर. त्याची कंपनी ग्रीक मालकांची आणि बहुतेक जहाजं सिंगापूरला माणसं बदलायची. आम्ही इथे राहिलो तर तो सुट्टीचा प्रत्येक दिवस घरी काढू शकेल, असा साधा हिशोब करून आम्ही आलो. सहा महिने तो पाण्यावर, तीन महिने घरी. मधले सहा महिने मी, ईरा आणि तोआ पायोहचा आठव्या मजल्यावरचा फ्लॅट. मी इथेच एका माल पाठवणाऱ्या ऑफिसात कागदपत्रांचं काम धरलं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांवर, "नो पोर्क, नो बीफ" म्हणायला आठवड्यात शिकले. ईरा शाळेत गेली आणि वर्षभरात मला इथल्यासारखं शेवटी 'लाह' लावून इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली. हे सगळं तुमच्यापैकी जे बाहेर गेले त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे वाढवत नाही.

सासूबाईंचा प्रश्न मात्र फुकट गेला. जहाजावर वाढणारा भेटला होता. म्हातारा ग्रीक खानसामा, सुधीरच्या बशीत न विचारता डाव पालथा करायचा. सुधीर घरी आला की त्याच्या नकला करायचा. "अगं, हे लोक वरण करतात, त्याला फावा म्हणतात, वर कच्चा कांदा घालतात आणि पावाबरोबर खातात. हिंग नाही, फोडणी नाही. आईने पाहिलं तर कंपनीला पत्र लिहील." एकदा तुला तिकडे नेऊन सगळं खायला घालतो, म्हणायचा. रिटायर झाल्यावर. रिटायर व्हायला दोन वर्षं होती.

नऊ महिन्यांपूर्वी, घरीच, दात घासताना त्याला स्ट्रोक आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणं गेलं. मराठी गेली, इंग्रजी गेली, ईराचं नाव गेलं. समोरच्याचं किती समजतं, ते कोणी सांगू शकत नाही. स्पीच थेरपिस्ट मुलगी चांगली होती. ती म्हणाली, एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांचं असं होतं, कुठली राहील त्याचा नेम नसतो. कुठलीच राहिली नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. तीन आठवड्यांनी तो एकदम म्हणाला, "नेरो." मला माहीत होतं, नेरो म्हणजे पाणी. जहाजावरच्या जेवणाच्या टेबलाशी बसून ऐकलेले ग्रीक शब्द तेवढे शिल्लक होते. दुसरा शब्द "एला", म्हणजे ये. हाही मला ठाऊक होता. तिसरा "फ्तानी". हा मी कधी ऐकला नव्हता.

फ्तानी तो फक्त जेवताना म्हणायचा. त्याला गिळायला त्रास होतो, म्हणून सगळं मिक्सरमधून काढून भरवावं लागतं. पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करायचं, नाहीतर ठसका लागतो. आठ-दहा चमचे गेले की तो वाटीकडे बघायचा आणि म्हणायचा, "फ्तानी." मी पुढचा चमचा द्यायचे. "फ्तानी." मी आणखी एक द्यायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल. त्यामुळे वाटी संपेपर्यंत मी उठत नसे.

मला वाटलं, त्याला काहीतरी खायचं आहे. नेरो पाणी, तर फ्तानी एखादा पदार्थ. सरळ होतं. मी दही देऊन पाहिलं, भोपळा, बटाटा, वांग्याचं भरीत, सेरांगून रोडवरून आणलेली खीर. प्रत्येक वेळी तोच शब्द. फोनवर शोधलं तर त्या नावाची माणसं निघाली. जुन्या कॅप्टनचा नंबर लागत नव्हता. ईरा म्हणाली, "आई, मेबी इट्स नॉट फूड, लाह." मी म्हटलं, "जेवतानाच म्हणतो ना? मग खायचंच असणार."

ऑफिसच्या लिफ्टशेजारी एक कागद लावलेला दिसला. पारंपरिक ग्रीक जेवण, गाइडबरोबर पायी फिरून, शनिवारी तीन तास, चार ठिकाणं. मी त्याच दिवशी एक जागा घेतली. शेजारच्या टेबलावरची मे लिंग खूश झाली. "गुड, गुड. यू नीड सम मी-टाइम." मला ग्रीक बोलणारा माणूस हवा होता, बाकी काही नको होतं.

आम्ही आठ जण होतो. गाइड एलेनी, माझ्याच वयाची, चापून बांधलेले केस, हातात निळी छत्री. नवऱ्याच्या नोकरीमुळे आली आणि राहिली, असं तिने चालता चालता सांगितलं. टांजोंग पगारच्या जुन्या दुकानांच्या ओळींतून ती आम्हाला भरभर नेत होती. पहिल्या बेकरीत चीज भरलेली पातळ पापुद्र्यांची पोळी मिळाली. लोक फोटो काढत होते. मी माझ्या जिभेला जमेल तसं विचारलं, "तुमच्याकडे फतानी म्हणून काही असतं का?" तिने कपाळाला आठ्या घातल्या. "फ... फानी... नाही."

दुसऱ्या जागी, ऑलिव्हच्या बरण्यांच्या दुकानात, तीच माझ्याकडे आली. "ताहिनी! तू ताहिनी म्हणत होतीस." तिने एक बरणी उघडून चमचा पुढे केला. तिळाचं वाटण. गुळगुळीत, घट्ट, गिळायला सोपं. ताहिनी, फतानी. माझा जीव भांड्यात पडला. आठ महिने मी भोपळे उकडत बसले आणि माणूस तीळ मागत होता. मी एक बरणी विकत घेतली आणि पुढचा रस्ताभर ती हातात धरून चालले. त्या वीस मिनिटांत मला जे वाटलं ते लिहीत नाही. ते चुकीचंच निघालं.

तिसऱ्या ठिकाणी टेबलावर फावा आला. सुधीर म्हणाला होता तसाच, पिवळं घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि तेल. शेजारचा तरुण ऑस्ट्रेलियन म्हणाला, "इंटरेस्टिंग." मी दोन चमचे खाल्ले. हिंग खरंच नव्हता. मग एलेनीला फोन दाखवला. सुधीरच्या जेवणाचा एक व्हिडिओ ईराने डॉक्टरांसाठी काढून ठेवला होता. म्हटलं, नक्की करून घेऊ, ही ताहिनी पांढऱ्या तिळाची हवी की दुसरी कुठली.

एलेनीने तो कानाशी धरून ऐकला. पुन्हा ऐकला.

"हा कोण?"

"माझा नवरा."

"तो काही मागत नाहीये," ती म्हणाली. "फ्तानी. म्हणजे इनफ. आमच्याकडे आजी वाढायला लागली की आम्ही हेच म्हणतो." मग तिला हसू आलं, सवयीने. "आणि ती कधी ऐकत नाही." माझा चेहरा बघून तिचं हसू थांबलं. काहीतरी बोलायचं म्हणून ती पुढे म्हणाली, "याला दुसराही अर्थ आहे. जहाज बंदराला पोचलं की, तेव्हाही फ्तानी."

व्हिडिओ चालूच होता. त्यात माझा आवाज होता. "हं, अजून एक. हा शेवटचा. आता हा खरंच शेवटचा."

चौथ्या ठिकाणी मी गेले नाही. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मांडीवर बरणी घेऊन बसले. रोज तीन जेवणं, आठ महिने. हिशोब सोपा आहे, म्हणूनच मी तो केला नाही. आपल्याकडे पुरे ऐकायचं नसतं. पुरे म्हणणारा संकोच करतोय असं धरायचं आणि वाढायचं, त्याला आग्रह म्हणायचं. सासूबाईंच्या आग्रहाला मी आयुष्यभर नाकं मुरडली आणि प्लॅस्टिकच्या चमच्याने तेच केलं. त्यांच्यापुढे त्याला निदान ताटावर हात आडवा धरता येत होता. आता तो हात हलत नाही. डावा हात माणूस अन्नावर धरत नाही, लहानपणापासूनची शिकवण. तरी एकदा त्याने डावा हात उचलला होता. मला आठवतंय. वाटी सांडेल म्हणून मी तो धरून खुर्चीच्या हातावर ठेवला होता.

घरी आल्यावर ईराने विचारलं, "सो? सापडलं?" मी सांगितलं. ती "ओह" म्हणाली, आणि थोड्या वेळाने बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली. मी बरणी फळीवर ठेवली. अजून तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरणभात होता. नऊ चमचे झाल्यावर तो म्हणाला, "फ्तानी." मी चमचा खाली ठेवला. त्याने माझ्याकडे पाहिलं. आठ महिन्यांत जेवताना पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. एरवी त्याची नजर चमच्यावर असायची. मी विचारलं, "पुरे?" त्याने डोळे मिटले. मी त्याचं तोंड पुसलं आणि अर्धी वाटी सिंकमध्ये ओतली.

तेव्हापासून मी थांबते. याला तीन आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात तो नऊ चमच्यांना फ्तानी म्हणायचा, नंतर सातला, काल पाचला. अडीच किलो उतरले आहेत. ईरा माझ्याशी कमी बोलते. तिला वाटतं मी भरवावं. तिला असंही वाटतं की मी भरवू नये. ती चोवीस वर्षांची आहे, तिला दोन्ही वाटायला हरकत नाही.

शुभाताई, तुम्ही सुधीरच्या थोरल्या बहीण, तुमचा हक्क आहे. परवा फोनवर म्हणालात, "आणा गं त्याला इकडे. आपल्या माणसांत चार घास जास्त जातील." खरं आहे, जातील. सांगलीला घर आहे, माणसं आहेत, आणि त्यातलं प्रत्येक जण त्याच्या तोंडात आणखी एक घास घालील, प्रेमाने. म्हणूनच मी आणत नाही. इथे या मजल्यावर त्याला ओळखणारं कोणी नाही. त्याचा एक शब्द समजणारी एक बाई आहे. आमचं घर आता एवढंच आहे. इथून ते उचलून कुठे नेण्यासारखं नाही, आणि ते फार दिवस राहील असंही नाही.

गुरुवारी हॉस्पिटलला जायचं आहे. त्याला काट्यावर बसवतील आणि नळीचं विचारतील. डॉक्टर तरुण मुलगी आहे, नीट वागते, आधी त्यालाच विचारते. "अंकल, कॅन वी पुट द ट्यूब?" आणि नळी हातात धरून दाखवते. तो नळीकडे बघेल आणि त्याच्याकडे असलेला शब्द म्हणेल. मग ती माझ्याकडे वळून विचारेल, ते काय म्हणताहेत.

मला काहीतरी सांगावं लागेल. खायच्या पदार्थाचं नाव आहे, असंही सांगता येईल.