भिंतीवर न लागलेला फोटो

मी एका चेक कंपनीच्या सिंगापूर ऑफिसात होतो. लिफ्टसमोरच्या भिंतीवर कंपनीचा इतिहास लावायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. आधी लोखंडाचा कारखाना, त्याची फाउंड्री, मग हळूहळू यंत्रं, आणि आता पंप नि टर्बाइन. हेड ऑफिसनं ढीगभर जुने फोटो पाठवले. फाउंड्री केव्हाच बंद पडलेली. धूर, राख, काळवंडलेली माणसं, आमच्या गिऱ्हाइकांना हे कशाला हवंय? अख्खा भाग उडवला, ते फोटोही डिलीट करून टाकले. भिंत कशी चकाचक झाली! साहेबांनी पाठ थोपटली आणि मी शेफारलो.

माझे बाबा चिंचवडच्या कारखान्यात मोल्डर होते. वाळूचा साचा करून त्यात लोखंड ओतायचं, हे त्यांचं काम. तरुणपणी ते शिकायला सहा महिने त्याच चेक फाउंड्रीत गेले होते. निघताना तिथल्या म्हाताऱ्या उस्तादानं स्वतःची करणी त्यांच्या हातात ठेवली. साचा गुळगुळीत करायची ती एवढीशी करणी दर खंडेनवमीला पूजेत असायची, पहिलं हळदकुंकू तिला. हे सगळं मला पाठ होतं. तरी फाउंड्रीवर फुली मारताना एकदाही आठवलं नाही. कप्पाळ माझं!

त्याच वर्षी बाबा आमच्या सेंगकांगच्या फ्लॅटवर राहायला आले. ऑफिस बघायचंच म्हणाले. इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीपुढे उभे राहिले, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा गेले.

"अरे, फाउंड्री कुठाय?"

"जागा पुरली नाही, बाबा."

"भट्टीपाशी उस्तादांनी आम्हा दोघांचा फोटो काढवला होता. त्यांची टोपी उलटी. माझ्याकडे त्यांचा एकही फोटो नाही रे. एकदा बघायचे होते. तुला आलेल्यांत होता का?"

होता. उलटी टोपी, आणि शेजारी कुणीतरी किडकिडीत, सावळा पोरगा. खरं सांगायला जीभ रेटेना.

"नव्हता, बाबा."

"नसेल. सहा महिन्यांचे पाहुणे आम्ही, कोण जपून ठेवतंय?"



दुसऱ्याच दिवशी मी हेड ऑफिसला तो फोटो पुन्हा मागितला. आला की फ्रेम करून एकदम हातात ठेवू, म्हणून बाबांना काही बोललो नाही. तिकडे सुट्ट्या लागल्या होत्या. बाबा पुण्याला परतले आणि महिन्याभरात झोपेतच गेले. तेरावा उरकून मी करणी घेऊन सिंगापूरला आलो, तर फोटो मेलमध्ये येऊन पडला होता.

खंडेनवमीला करणी पाटावर ठेवली, मागे फोटो टेकवला. उस्तादाचा हात त्या पोराच्या खांद्यावर होता. बायको कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि तिथंच थबकली. तिनं बाबांना पाहिलं ते थेट म्हातारपणी.

"अरे, हे तर बाबा!" ती म्हणाली. "बघताक्षणी ओळखू येतायत की!"

मला आले नव्हते.