बसमागची मोटारसायकल

सरकारनं बायकांना बस फुकट केली आणि आमच्या घरचा पेट्रोलचा खर्च वाढला. मन्नाएखेळ्ळीहून मी बीदरला चष्म्याच्या दुकानात कामाला जाते. तिकीट लागत नाही म्हणून आमच्या ह्यांनी नोकरीला परवानगी दिली. पण बाईमाणूस एकटी कशी सोडायची? म्हणून बसमध्ये मी आणि बसच्या मागं मोटारसायकलवर हे. बसमध्ये का बसत नाहीत, तर पुरुषांना तिकीट पडतं! प्रत्येक थांब्याला खिडकीशी येऊन जागा मिळाली का विचारायचे. अख्खी बस हसायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा कलबुर्गीच्या कॉलेजातली एक मुलगी बसमध्ये पाहणी करायला आली. बस फुकट झाल्यावर लोकांच्या गाड्या घरी राहतात का, इंधन वाचतं का, हे तिला बघायचं होतं. मी तोंड उघडायच्या आत शेजारणीनं मागच्या काचेकडं बोट दाखवलं. मुलगी बघतच राहिली. असल्या उत्तराची तिनं तयारी केलेली नव्हती.

घरी हा किस्सा कळल्यावर ह्यांनी स्वतःचा निष्कर्ष काढला. पगार सगळा पेट्रोलात चाललाय, तेव्हा मी नोकरी सोडावी. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. माझं डोकंच फिरलं. चष्मा डोळ्यांवर चढवून एखादी म्हातारी समोरच्या बसची पाटी वाचते, तेव्हा मला कोण आनंद होतो. तो मी कशापायी सोडू?

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. हात न थांबवता त्या लेकाला म्हणाल्या, "मी दर पुनवेला एकटी गाणगापूरला जायलेय. माझ्या मागं कदी आलास का रे? मी बाईमाणूस न्हाई व्हय?"

बायकोला राखण आणि आई दत्ताच्या भरवशावर, ही वाटणी ह्यांनाही तेव्हाच दिसली असावी. सकाळी मोटारसायकल अंगणातच राहिली. सवयीनं मी मागच्या काचेतून बघितलं. रस्ता मोकळा होता, आणि मलाही फार मोकळं वाटलं.

पुढं ती मुलगी पुन्हा भेटली. गाडी घरीच असते ऐकून खूश झाली आणि हे कोणत्या योजनेमुळं घडलं ते विचारायला लागली.

"आमच्या सासूच्या," मी म्हणाले.