आरशाचं कपाट

गोरेगाव या आमच्या खेड्यात घरासमोर लोखंडी कपाटं बनवणारे एक चाचा आहेत. पाठ दुखली तरी ते गिऱ्हाइकाशी उभ्यानेच बोलतात. लग्नसराईच्या तोंडावर त्यांच्या मुलीने दुकानाची वेबसाइट केली. बटण दाबले की कपाटाचा फोटो थेट इन्स्टाग्रामवर जातो. फोटो मात्र चाचांनी काढले. कपाटांना आरसे असल्यामुळे प्रत्येक फोटोत बनियनवर, मोबाइल धरून उभे असलेले चाचाही आले. फोटो गावोगाव फिरले, मागणी एकही आली नाही.

परवा शेजारच्या साखरा गावची एक बाई लेकीसाठी कपाट पाहायला आली. "चाचा, कपाट झ्याक हाय. आरशातला माणूस बी संग येते का?"

चाचांची मुलगी रडकुंडीला आली. "अब्बा, जरा बाजूला होऊन काढा ना!"

चाचा आत गेले आणि इस्त्रीचा कोट घालून पुन्हा आरशासमोर उभे राहिले.

"काहून बाजूला होऊ? उद्या दार करकरलं तर गिऱ्हाइकानं कोणाला धरायचं? मालासंग मालक दिसला पाहिजे."

त्यांनी फोटो काढला. बाईने हसू आवरले, तेच कपाट ठरवले आणि फोटो पाहायला मागितला. फोटोत चाचांच्या खांद्यामागे तीही आली होती.

"थांबा चाचा," ती पदर सावरत म्हणाली, "पुन्हा काढा."