अंधेरी विरुद्ध स्वीडन

बाळंतपणाच्या दवाखान्यात नोकरी केलेल्या बाईला कधी गोष्ट सांगायला सांगू नये. ती एक सांगते आणि त्या गोष्टीला लगेच दिवस जातात! एकीच्या पोटातून दुसरी निघते. कधी कधी तर जुळी.

मी अंधेरीला लागले ती साठच्या दशकात. वेसाव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टचं छोटं मॅटर्निटी होम होतं. कारभार सगळा तिघींचा. डॉक्टर गुप्तेबाई लंडनला शिकून आलेल्या, बोलायला मऊ, पण मनात घेतलं की घेतलं. सावंत सिस्टर मालवणकडच्या, आवाज असा की लेबर रूममध्ये त्या "जोर लाव!" म्हणाल्या की बाहेर बसलेले नवरेसुद्धा जोर लावायचे. आणि तिसरी मी, नवीकोरी, म्हणून सगळ्यांची "छोटी सिस्टर".

माझ्या पहिल्याच आठवड्यात खाडीपलीकडच्या मढहून एक बाई आली. आली म्हणजे आणली. दोन दिवस घरीच अडली होती. आमच्या दारात पोचली आणि संपली. तिचाच पदर तिच्या हातात घट्ट धरलेला, तो मी सोडवला.

दुसऱ्या दिवशी गुप्तेबाईंनी बाहेरच्या खोलीत एक लांबलचक तक्ता ठोकला. कुठल्या देशात बाळंतपणात किती बाया दगावतात, त्याचा. जिथे कमी दगावतात तो देश वर, जिथे जास्त तो खाली. वरती स्वीडन, नॉर्वे, हॉलंड अशी नावं.

सावंत सिस्टर चष्मा लावून उभ्या राहिल्या. "आमी खंय आसंव ह्याच्यात?"

"शोधा," गुप्तेबाई म्हणाल्या.

सिस्टर वरून वाचत निघाल्या. कमरेपर्यंत आल्या. मग गुडघ्यापर्यंत आल्या. शेवटी जमिनीवर हात टेकला. "मेल्यांनी वाकाक लावल्यानी!"

उठताना त्यांना मधेच एक नाव दिसलं. "सिलोन? सिलोन म्हणजे लंकाच ना गो? ती आमच्या इतकी वर?"

"तिथे गावोगाव शिकलेल्या सुइणी आहेत," गुप्तेबाईंनी सांगितलं. "त्या घरोघर जातात. बाईनं आपल्याकडे यावं म्हणून वाट बघत बसत नाहीत."

सिस्टरांनी पिशवी उचलली, मला खूण केली. "चल गो. रावणाक जमला ता आमका जमूक नाय?"

*

घरोघर जायचं तर खरं, पण वेसाव्याच्या कोळणी घरी असतात कधी? सकाळी बंदरावर, मग बाजारात, मग सुकी मासळी वाळत घालायला. आम्ही दार ठोठावतोय आणि आतून मांजर बाहेर येतंय!

चार दिवस असे फुकट गेल्यावर सावंत सिस्टर म्हणाल्या, "बाई खंय आसता? बंदरार. मगे दवाखानो पण बंदरार!" आम्ही मासळीच्या दोन रिकाम्या पेट्या उलट्या टाकल्या, त्यावर चादर घातली आणि ब्लडप्रेशरचं मशीन मांडलं.

झालं! गर्दी जमली. दंडाला पट्टा बांधतात, तो फुगतो, फुस्स करतो, फुकट गंमत कोण सोडणार? पोटुश्या बाया राहिल्या मागे आणि सगळ्यात पुढे एक दांडगा गडी, बाही वर करून.

सिस्टरांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. विशेषतः पोटाकडे. आणि भर बंदरावर विचारलं, "तुका कितवो म्हयनो रे?"

त्यानंतर एकही पुरुष रांगेत उभा राहिला नाही. आणि ज्या लाजत होत्या त्या बाया हसत हसत पुढे आल्या. त्याच दिवशी दोघींचं प्रेशर भलतंच चढलेलं सापडलं. एकीच्या पायावर सूज, डोळ्यांपुढे अंधारी. सासू म्हणत होती, "गरवारपनान व्हतंच आसा." आम्ही तिला तशीच उचलून आणली, अंधाऱ्या खोलीत निजवली, गुप्तेबाई तिच्या उशाशी बसून राहिल्या. आठव्या दिवशी पोरगी झाली. दोघी धडधाकट!

*

पण कोळीवाड्यातली खरी मोठी डॉक्टर वेगळीच होती. हिराय. वय साठीच्या पुढे, नाकात नथ, आणि अर्धा कोळीवाडा तिच्या हातांवर जन्मलेला. बाया आमच्याकडून प्रेशर तपासून घ्यायच्या आणि बाळंत व्हायला हिरायकडे जायच्या!

गुप्तेबाईंनी भांडण काढलं नाही. तिला मानानं बोलावलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "हिराय, तुमचा हात चांगला आहे. फक्त स्वच्छता तेवढी आमच्याकडून घ्या." मग स्वतः करून दाखवलं. साबण, ब्रश, नखं, कोपरापर्यंत हात. ब्लेड उकळणं. सगळं लंडनसारखं.

हिराय पाटावर बसून बघत होती. शेवटी उठली, गुप्तेबाईंचा धुतलेला हात हातात घेतला, निरखला आणि म्हणाली, "बाय, हात धुतलास. आंगठीखालचा कोन धुवल?"

आम्ही गार! गुप्तेबाईंच्या बोटात लग्नाची अंगठी होती, तीत चार बारीक खडे.

गुप्तेबाईंनी अंगठी काढली, परत हात धुतले आणि हिरायला नमस्कार केला. पुन्हा ती अंगठी बोटात दिसली नाही. आठवड्यानं त्यांच्या मिस्टरांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सिस्टर, हल्ली ही अंगठी घालत नाही... म्हणजे माझ्याबद्दल काही तक्रार?"

*

परदेशात म्हणे आता नवरे बाळंतपणाच्या वेळी बायकोजवळ उभे राहतात. गुप्तेबाईंनी कुठल्याशा मासिकात वाचलं आणि म्हणाल्या, "बघू या. बाईला धीर येतो."

पहिला नवरा तयार झाला तो जोगेश्वरीचा, गिरणीतला, रत्नागिरीकडचा. मिशा अशा! म्हणाला, "आम्ही म्हशींची बाळंतपणं केलीत, मॅडम. घाबरतो काय?" दुपारी बारा वाजता आत आला. बायकोनं पहिली आरोळी ठोकली आणि हा उभाच्या उभा मागे गेला, ट्रॉलीवर डोकं आपटलं.

इकडे बाई कळा देतेय आणि वर मान करून विचारतेय, "लागलं का हो तुम्हाला?"

रजिस्टर मी लिहीत असे. त्या दिवशीची नोंद अशी: "मुलगा. बाळ-बाळंतीण सुखरूप. बाळंतिणीला टाके नाहीत. नवऱ्याला तीन."

*

मग एकदा पाहुण्या आल्या. हॉलंडच्या बाई, स्वतः मिडवाइफ, देशोदेशीची बाळंतपणं बघत फिरत होत्या. गुप्तेबाईंना वाटलं, हीच वेळ! कोळीवाड्यातल्या वीसेक बाया जमवल्या, हिरायला पुढे बसवलं. तक्त्यावर हॉलंड कुठे आहे ते दाखवलं आणि म्हणाल्या, "ही बाई एवढ्या वरच्या देशातून आलीय. तिकडे बाया कुठे बाळंत होतात ते तिच्याच तोंडून ऐका."

पाहुण्या बाई हसल्या आणि इंग्रजीत काहीतरी बोलल्या. गुप्तेबाईंचा चेहरा उतरला.

"काय बोलली?" हिरायनं विचारलं.

"त्या म्हणाल्या... हवा छान आहे इथली."

पण पाहुण्या बाईंनी चार बोटं वर केली होती, पोटावर हात फिरवला होता आणि मग हातांनी छपराचा आकार करून दाखवला होता. हिरायला काय इंग्रजी लागतंय?

"चार पोरं! आनी चारव घरान!" ती ओरडली. "नांव काय गो हिचे गावाचा?"

"हॉलंड," गुप्तेबाई पडेल आवाजात म्हणाल्या.

"दर्या हाय तिथं?"

"आहे. मासेमारीही आहे."

"मंग बोल ना! आपलीच हाय ती!" आणि हिरायनं पाहुण्या बाईंना घट्ट मिठी मारली.

हशा ओसरल्यावर पाहुण्या बाईंनी पुढचं सांगितलं आणि हे मात्र गुप्तेबाईंनी शब्दन् शब्द मराठीत सांगितलं. घरी बाळंत व्हायचं ते ज्यांचं सगळं सरळ आहे त्यांनीच. महिन्यामहिन्याला तपासणी झाली पाहिजे. शिकलेली सुईण पाहिजे. आणि काही बिघडलं तर हॉस्पिटलात न्यायला गाडी तयार पाहिजे.

हिराय विचारात पडली. "माजे मढच्या पोरींचे दारान रस्ता नाय, बाय. पानी हाय."

दुसऱ्या दिवशी ती कोळ्यांच्या बैठकीत जाऊन उभी राहिली. पुरुषांच्या बैठकीत! आणि बसली ती तेव्हाच, जेव्हा त्यांनी कबूल केलं की एक होडी कायम मढच्या बाजूला राहील, फक्त अडलेल्या बाईसाठी.

*

ती होडी पहिल्यांदा लागली शेवंतीला. मढची सून, तिसरं बाळंतपण. आठव्या महिन्यातच रक्त जायला लागलं. आता हिराय शिकलेली होती. तिनं आत हात घातला नाही, पाय वर करून निजवलं आणि होडी मागवली.

पण ओहोटी लागलेली. खाडीतून होडी आली ती वेसाव्याच्या काठापासून शंभर पावलांवर चिखलात रुतली. गुडघ्यापर्यंत काळा चिखल. पुरुष सगळे समुद्रात. बंदरावरच्या कोळणींनी टोपल्या टाकल्या, काष्टा खोचला आणि चिखलात उतरल्या. जाळ्याची झोळी केली. आठ जणींनी शेवंतीला त्यात घालून काठाला आणलं. मासळीचा टेम्पो उभा होता, बर्फासकट!

आमच्याकडे पोचली तेव्हा ओठ पांढरे. गुप्तेबाई ऑपरेशनची तयारी करत ओरडल्या, "रक्त पाहिजे! घरचं कोण आहे?"

तोवर समुद्रातल्या होड्या परतून नातलग गडी जमले होते. रक्ताचं नाव काढल्याबरोबर एकाला ताप आठवला, एकाला जाळं. वादळात दर्यावर जाणारे गडी, पण सुई बघून दाराशी सरकले! पुढे आली ती होडीतून बरोबर आलेली सासू. शेवंतीची आणि तिची रोज वाजायची, सगळ्या मढला माहीत. तिनं हात पुढे केला. "घे किती पायजे तितका. मना भांडाला तरी कोन पायजे ना!"

ग्रुप जुळला. बाळ वाचलं, इवलंसं, मुठीएवढं. शेवंती वाचली. सावंत सिस्टर स्टोअररूममध्ये जाऊन रडून आल्या आणि बाहेर येऊन सगळ्यांवर खेकसल्या.

सहा महिन्यांनी मी मढला गेले तर लांबूनच भांडण ऐकू आलं.

सासू म्हणत होती, "माजा रगत हाय तुजे आंगान! आवाज चढवू नको!"

आणि शेवंती, तिच्यापेक्षा वर, "तुमचाच रगत हाय, म्हनूनशी चढतंय!"

*

आणि मग ते वर्ष आलं. वर्षअखेरीला मी रजिस्टर तीनदा वाचलं. आमच्याकडे आलेली आणि हिरायनं घरी केलेली, सगळी बाळंतपणं त्यात होती. आई दगावली असं एकही नाही. एकही नाही! सावंत सिस्टरांनी पेढे वाटले. म्हणाल्या, "आता आमी स्वीडनच्या वर!"

गुप्तेबाई म्हणाल्या, "असं नसतं हो. एवढासा दवाखाना, एकच वर्ष. त्याची आणि अख्ख्या देशाची तुलना होत नाही."

"होयत नसात. पण बरा वाटता मां?"

गुप्तेबाईंनी पेढा तोंडात टाकला. "बरं वाटतंय," म्हणाल्या.

अहवाल वरच्या ऑफिसला गेला. पंधरा दिवसांनी परत आला. शेरा: "माता-मृत्यूचा रकाना रिकामा आहे. माहिती भरून पाठवणे." आम्ही शून्य लिहून पाठवलं. मग माणूसच आला. चष्मा, फाइल, छत्री. म्हणाला, "असा आकडा परदेशात येतो. अंधेरीला येत नाही. तुम्ही लपवताय."

गुप्तेबाई रागानं लाल झाल्या, पण म्हणाल्या, "छोटी सिस्टर, रजिस्टर घ्या. साहेबांना एकेक बाई दाखवा."

तीन दिवस आम्ही फिरलो. जोगेश्वरी, अंधेरी, मढ, कोळीवाडा. साहेब नाव वाचायचे, बाई पुढे यायची, साहेब खूण करायचे. एक कोळीण मासे कापत होती. तिला त्यांनी विचारलं, "आपण हयात आहात ना?" तिनं कोयता उचलून विचारलं, "काय बोलला हा?" साहेबांनी पळता पळता खूण केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं नाव राहिलं. यशोदा, वर्षअखेरची बाळंतीण. दाराला कडी. हाक मारली, ओ नाही. शेजारची म्हातारी ओट्यावर जवळा निवडत होती.

साहेबांनी विचारलं, "इथली यशोदा?"

"ती गेली," म्हातारी म्हणाली.

दोनच आठवड्यांपूर्वी मी तिला तपासलं होतं, चांगली होती. सगळ्या वर्षाची मेहनत, शेवंती, ती होडी, तो चिखल, सगळं डोळ्यांपुढून गेलं. साहेबांनी मात्र चष्मा सारखा केला, फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"कधी गेली?"

"आज सकालचे पारी."

"आणि मूल?"

"तेवपन गेला तिचेबरोबर."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि रिवाजाप्रमाणे शेवटचा प्रश्न विचारला, "कशानं गेली?"

म्हातारीनं जवळ्यातून मान वर केली.

"कशानं म्हंजे? बशीनं! पोर नि टोपली घेवनशी अंधेरीपावत चालत जाल काय?"